गादीवर आपटलेला हात

बस गं पोरी, दारात अशी ताटकळत उभी राहू नकोस. ज्युदो शिकायचाय म्हणतेस, आई नको म्हणते, आणि का ते सांगत नाही. बरं. मग एक गोष्ट ऐक. मी इथं गाद्या अंथरणारा माणूस, मला नटवून सांगता येत नाही. घडलं तसं सांगतो.

आमचे मास्तर तेव्हा ऐन भरात होते. डाव नंतर, आधी वागणं. आत येताना वाकायचं, जाताना वाकायचं, ज्याला हरवलं त्याच्यापुढं जरा जास्तच वाकायचं. कुणी चपला वेड्यावाकड्या काढल्या की त्यानं सगळ्यांच्या चपला ओळीत लावायच्या. पोरं कुरकुरायची, "मास्तर, इथं ज्युदो शिकवतात की झाडलोट?"

"माणूस आपटायला अक्कल लागत नाही," मास्तर म्हणायचे. "सोडायला लागते."

एका नियमाला मात्र माफी नव्हती. गादीवर हात आपटला म्हणजे 'हरलो, सोड'. तो आवाज कानावर आला की पकड सोडायची. पंचाकडं बघायचं नाही, तेवढ्यात हाड मोडतं. पोरांच्या अंगात हे इतकं भिनलेलं, की आवाज आला की हात आपोआप मोकळे.

तर मोठ्या स्पर्धेचा शेवटचा सामना. आमच्याकडून ठेंगणी. नुसती वीतभर, पण अंगात पाणी होतं. समोर परगावची एक लांबडी. जिंकेल तिला खेळाच्या शाळेत जागा, राहणं-खाणं सगळं त्यांचं. लांबडीचा बाप ट्रक चालवायचा. भरलेली गाडी नाक्यावर उभी करून तसाच धावत आलेला, शर्टाला ग्रीस.

मास्तरांना खुर्ची दिलेली, पण हा माणूस खुर्चीवर बसेल तर शपथ. खाली, गादीच्या काठाला.

ठेंगणीनं लांबडीला पाडली आणि हात धरून कोपराचा पेच टाकला. झालं, संपलं, असं आम्हाला वाटलं. पण लांबडी हट्टी. तोंड लाल, डोळ्यांत पाणी, कोपर उलटं वळायला लागलेलं, तरी हरले म्हणेना. मास्तर पुटपुटत होते, "सोड गं, नाद सोड, हात जाईल तुझा."

आणि फट् फट्! गादीवर हात आपटल्याचा आवाज.

ठेंगणीनं लगेच पकड सोडली आणि नमस्काराला उठून बसली. पाठ पुरती मोकळी. लांबडीनं झडप घातली, उताणी केली आणि वरून दाबून धरली. पंच पलीकडच्या बाजूला. त्यानं ना हात बघितला, ना काही. निकाल लांबडीचा.

मग जो दंगा झाला, विचारू नकोस.

"हात आपटलान् तिनं! आम्ही ऐकलं!"

"चोर! चोर!"

"मी नाही आपटला," लांबडी म्हणाली. "आईशप्पथ नाही."

"मग काय भुतानं आपटला का?" आमच्यातलाच एक टारगट ओरडला. सगळे हसले. मीपण हसलो.

बाप पुढं आला. मान खाली. लोक त्याच्या तोंडावर बोलत होते, हेच शिकवलंत का घरी म्हणून. त्यानं पोरीचं मनगट धरलं. "खरं बोल. हरलीस तर घरी नेईन. खोटं बोललीस तर तोंड दाखवायला जागा राहायची नाही मला."

"बाबा, खरंच नाही हो."

मग ती आमच्या मास्तरांसमोर येऊन उभी राहिली. दुखरा हात दुसऱ्या हातानं धरलेला. "सर, तुम्ही सगळ्यांत जवळ होतात. तुम्ही सांगा ना यांना. मी आपटला हात?"



मास्तरांनी तिच्याकडं बघितलं, मग गादीकडं. "जाऊ दे पोरी," ते म्हणाले. "झालं ते झालं. कुणी तिला काही बोलू नका."

"बघ!" बाप म्हणाला, आणि त्याचा आवाजच फुटला. "ज्यांच्या पोरीला फसवलंस ते तुला पाठीशी घालतायत. लाज वाटू दे गं जरा."

तिचं अवसानच गळालं बघ. पोरगी खाली बघत म्हणाली, "आपटला. मी आपटला हात. चुकले."

पदक ठेंगणीच्या गळ्यात पडलं, शाळेतली जागाही तिलाच. मास्तरांना माईकपुढं उभं केलं. खेळाडूनं खरं कसं वागावं यावर चार शब्द बोलता बोलता त्यांना हुंदका आला, खाली उतरले. बायाबापड्यांनी डोळे पुसले. माणूस असावा तर असा, म्हणाले लोक. त्यानंतर लांबलांबून पोरं आणून घालायला लागले आमच्याकडं.

बापलेक मागच्या दारानं गेले. ती पुढं, तो चार पावलं मागं. तिनं पुन्हा कधी गादीवर पाय ठेवला नाही.

आता मास्तर अंथरुणाला खिळलेत. काल तू आलीस, खिडकीतून त्यांनी तुझा चेहरा बघितला आणि मला विचारलं, ही कुणाची? तू दिलेलं आईचं नाव मी सांगितलं. त्यांनी तोंड भिंतीकडं केलं. मग मला जवळ बोलावलं. आजवर कुणाला बोलले नव्हते ते बोलले, आणि तुझ्या घरी पोचवायला सांगितलं.

तेव्हा आता ऊठ, घरी जा. आणि तुझ्या आईला एवढं सांग पोरी, की त्या दिवशी गादीवर हात मास्तरांनी आपटला होता.