वीस सेकंदांची चाचणी

कारखान्यातला बॉयलर फुटून तिथेच काम करणारी बायको गेल्याचं त्याला कळलं, त्याच दिवशी मॅनेजरने हात झटकले. "बाईंनीच व्हॉल्व्ह चुकीचा फिरवला," तो म्हणाला. मेहुणा त्याच्या अंगावर धावून गेला. "मेलेल्या माणसावर खापर फोडताय? दाजी, तुम्ही इथलेच इंजिनिअर ना? मग दाखवा ह्याला, खोटं कोण बोलतंय ते!"

आठवड्याने त्या इंजिनिअरने मेहुण्याला शेजारी बसवलं आणि बॉयलरचा दाब आपोआप सांभाळणाऱ्या यंत्रणेची नक्कल कॉम्प्युटरवर पुन्हा चालवली. यंत्रणेला मंजुरी देताना ती नक्कल वीसच सेकंद चालवली गेली होती आणि तेवढ्यात दाबाची रेघ सरळ झालेली दिसली होती. या वेळी त्याने ती पाच मिनिटं चालू ठेवली. तिसऱ्या मिनिटाला रेघ हलायला लागली, चौथ्याला झोके घेऊ लागली आणि पाचव्याला स्क्रीनच्या वर निघून गेली. व्हॉल्व्हला कोणी हातही लावला नव्हता.

"सापडलं!" मेहुणा टेबलावर मूठ आपटून ओरडला. "वीस सेकंदांत कोणी उरकलं हे? घरी जायची एवढी कसली घाई झाली होती त्याला? नाव सांगा दाजी, सोडत नाही मी त्याला."

 

मंजुरीच्या कागदावरची स्वतःची सही त्याने मेहुण्याला अजून दाखवलेली नाही.