आवरणाबाहेर

हेमंत भांडायच्या तयारीनेच दवाखान्यात शिरला. त्याची बायको वृंदा नेहमीसारखी दोन पावलं मागे होती. तिच्या मनगटाला बँडेज होतं.

"डॉक्टर, तुमचं इंजेक्शन फुकट गेलं," तो बसण्याआधीच म्हणाला. "दिवाळीत टोचलंत, तरी मला दारू चढतेच. गुढीपाडव्याला मी जेवणाचं ताट भिरकावलं. परवा हिचा हात पिरगळला. शुद्धीत असतो तर असं केलं असतं का?"

"हे मनाचे वाईट नाहीत हो," वृंदा सवयीने म्हणाली. "पोटात गेली की तीच बोलते."

डॉक्टर मुल्लाबाईंनी त्याच्या तपासणीचं चित्र पडद्यावर आणलं. मेंदूतली एक पेशी आणि तिच्याभोवतीचं पातळ आवरण.

"मिठालासुद्धा या आवरणातून शिरायला वाट शोधावी लागते. दारू मात्र सरळ आरपार जाते. इंजेक्शनने आपण ते आवरणच बदललं. बघा, सगळी बाहेर अडलीय. दिवाळीपासून तुमच्या मेंदूतल्या एकाही पेशीत दारूचा कण शिरलेला नाही."

हेमंतला पाडवा आठवला. ताट उचलल्यावर त्याने आधी काचेच्या कपाटाकडे पाहिलं होतं. मग नेम धरून ते मोकळ्या भिंतीवर फेकलं होतं.

त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मान वर करवेना.

वृंदाने बँडेजवरचा पदर बाजूला केला आणि डॉक्टरांना नाही, त्याला विचारलं, "आणि त्याआधीची बावीस वर्षं?"