उताराचं पाणी

पहाटेपासूनचा पाऊस उघडला, तसा गिरधर केळीच्या बागेत धावला. बुंध्याखालची मुळं उघडी पडली होती. माती वाहून गेली होती, आणि काल किडीसाठी बुंध्याशी टाकलेलं दाणेदार औषधही तिच्याबरोबर गेलं होतं. पिशवीवर कवटी छापलेलं औषध.

पाणी अजून उताराला लागलं होतं. पूर्वी जिथे गवताळ बांध होता, तिथून ते सरळ खालच्या शेतात शिरत होतं. केळीची एक ओळ वाढावी म्हणून उन्हाळ्यात गिरधरनेच तो बांध जेसीबीने सपाट केला होता. खालचं शेत चुलत भावाचं, सुधाकरचं. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं. सुधाकरची विहीर तिथेच होती, बुटक्या कठड्याची. काळा लोंढा कठड्यावरून आत पडत होता.

विहिरीपलीकडे घराच्या ओट्यावर पाळणा सजला होता. सुधाकरच्या मुलीचं आज बारसं.

गिरधर थोडा पुढे गेला, परत फिरला. नुसता गाळच गेला असेल, असं त्याने स्वतःला सांगून पाहिलं. पुन्हा निघाला. चिखलात चप्पल रुतली. ती तशीच सोडून तो चालत राहिला.

"आज तरी आलास रे बाबा!" सुधाकरची आई धुरपदाबाई ओट्यावरूनच म्हणाली. "बस. पहिले चहा घे."

"काकू, विहिरीचं पानी..."

"गढूळ झालं ना? तुरटी फिरवली मी. तू बस."

सुधाकरने खुर्ची पुढे सरकवली. पहिला कप गिरधरच्या हातात आला. काकू पाहुण्यांचे कप भरू लागली.

गिरधरने आपला कप अंगणात उपडा केला.

"चहा सांडायला आला का इथं?" सुधाकर ताडकन उठला.

"कोणीच नका पिऊ. माझ्या बागेतली दवाई विहिरीत उतरली. कालच टाकली होती. बांध असता तर..."

सुधाकरने त्याची कॉलर धरली. मग सोडली, आणि चहाचं पातेलंच उचलून अंगणात ओतलं. बायका हंडे आडवे करू लागल्या. "कोणी प्यायलं का? सांगा ना, कोणी प्यायलं?" तो एकेकाला विचारत सुटला. कुणीच प्यायलं नव्हतं.

तेवढ्यात त्याची बायको पूर्णिमा बाळाला घेऊन दारात आली. बाळाचं जावळ ओलं होतं.

"हिला आत्ताच न्हाऊ घातलं," ती म्हणाली. "त्याच पान्यानं."

तिने बाळाचं डोकं नाकाशी धरून हुंगलं. तिला काही उमगेना. मग तिने बाळ गिरधरपुढे धरलं.

"दादा, तुम्ही पाहा. तुम्हाला त्या दवाईचा वास माहीत आहे."

गिरधरने हात पाठीमागे घेतले आणि वाकला. वास आला. पण तो त्या ओल्या जावळाचा, की कालपासून त्याच्याच बोटांत मुरलेला, हे त्याला कळेना.

"गाडी काढ, सुधाकर," तो म्हणाला. हात मात्र त्याने पाठीमागेच धरून ठेवले.