ठिगळाचा कोट

"सांगितलं तर तुम्ही मला वेड्यात काढाल. पण हा टीव्हीवर गिटार घेऊन उभा आहे ना, अमेरिकेतला एवढा नावाजलेला कंट्री, म्हणजे गावाकडच्या गाण्यांचा गायक, तो माझ्या दुकानात स्टुलावर बसून चहा पिऊन गेलाय. मी साधा शिंपी, पण मला म्हणाला, 'आयझॅक, मी अजून शेतावरचाच पोरगा आहे.' तो ठिगळाचा कोट बघा. त्याच्या आईनं शिवलेला. कुठंही बोलावलं तरी तोच घालून जातो. नाहीतर आपले इथले गायक! एक रेकॉर्ड खपली की शेजाऱ्याला ओळख देत नाहीत."

एकाहत्तर सालच्या थंडीत, लंडनमधल्या स्टॅनमोरच्या आमच्या घरी मी हे सांगत होतो. पाहुणे आलेले डॉक्टर श्रीकांत ऐकून भारावले. ते बायकोकडे वळले.

"बघ सुलक्षणा, एवढा मोठा माणूस! आणि तुला यंदा नवा कोट हवाय. काही नको. जुनाच वापर."

सुलक्षणानं मान खाली घातली. तेवढ्यात माझ्या बायकोनं, फ्लोरानं, चहाचा ट्रे टेबलावर आदळला.

"डॉक्टर, तिला कोट घ्या. ह्यांच्या थापांवर जाऊ नका. तो कोट ह्यांनीच शिवलाय, गेल्या महिन्यात. ब्रिस्टलच्या शोमध्ये त्याला अजून गरीब दिसायचंय, म्हणून कालच दुसऱ्या कोटाची ऑर्डर आलीय. आणि ते चौकडीचं ठिगळ जरा नीट बघा. माझ्या किचनच्या पडद्याचं आहे ते!"