खिडकीची जागा

काकासाहेब चर्चच्या भिंतीला पाठ लावून उभे राहिले, तेव्हा गवंडी पहिला दगड काढायच्या बेतात होता. त्यानं पहार खाली ठेवली आणि वैतागून प्रणयकडे पाहिलं. प्रणय चर्चच्या कमिटीचा सेक्रेटरी. झालं, मांजर आडवं गेलं, असं त्याच्या मनात आलं.

छावणीतल्या त्या गल्लीत काकासाहेबांनी हरकत घेतली नाही असं एकही काम झालं नव्हतं. शेजाऱ्याचा वरचा मजला, कोपऱ्यावरच्या टपरीचे पत्रे, रस्त्यात आलेला गणपतीचा मांडव, हरकतीला त्यांना काहीही चालायचं. जिल्हा परिषदेतून रिटायर झाल्यापासून तर दुसरा उद्योगच उरला नव्हता. कावळा चुकीच्या तारेवर बसला तरी काकासाहेब तक्रार करतील, असं लोक म्हणायचे, आणि ते फार खोटंही नव्हतं.

तेव्हा चर्च वाढवायचं ठरल्यावर ते गप्प बसणार नव्हतेच. चर्च इंग्रजांच्या वेळचं, काळ्या दगडाचं, बुटकं, कौलारू. आजूबाजूची जुनी घरंही त्याच दगडाची. गल्लीचा तोंडवळा बदलता कामा नये, असं काकासाहेबांचं म्हणणं, आणि नवल म्हणजे या खेपेला ते सगळ्यांना पटलं. शेजारच्या कौलांपेक्षा उंच जायचं नाही, मान्य. दगडांच्या सांध्यात सिमेंट नको, चुना हवा, तेही मान्य. दक्षिणेकडची भिंत दगडांवर नंबर टाकून उतरवायची आणि दहा-बारा हात पुढे नेऊन तशीच्या तशी उभी करायची, मधल्या कमानीच्या खिडकीसकट, इथपर्यंत कमिटी आली. त्यात काम चांगलंच लांबलं. आता आणखी काय हवं होतं या माणसाला?

प्रणयला त्यांच्याशी बोलायचीच इच्छा नव्हती. काकासाहेब त्याचे सासरे. त्यांच्या मुलीनं, प्रांजलीनं, याच चर्चमध्ये त्याच्याशी लग्न केलं. पिशोरच्या जमीनदार घरातली लेक ख्रिस्ती घरात गेली म्हणून काकासाहेबांनी तिचं नाव टाकलं. चार घरं सोडून राहायचे, पण पुन्हा कधी बोलले नाहीत. चार वर्षांपूर्वी कॅन्सरनं प्रांजली गेली. ती शाळेत शिकवायची, त्यामुळे मयताला सगळी शाळा लोटली. निम्मी माणसं बाहेर उन्हात उभी राहिली. आतली प्रार्थना त्यांच्या कानावरही पडली नाही. काकासाहेबांच्या दाराला मात्र आतून कडी होती. त्या दिवशी प्रणयनं दोन गोष्टी मनाशी धरल्या. चर्च मोठं करायचं, आणि या माणसाला कधी माफ करायचं नाही.

"काका, बाजूला व्हा," तो म्हणाला. "खिडकी तीच राहणार आहे. नुसती पुढं सरकणार."

"खिडकी सरकंल रे," काकासाहेब म्हणाले. "जागा कशी सरकंल?"

त्यांचा आवाज नेहमीसारखा चढलेला नव्हता. प्रणयनं गवंड्याला चहाला पाठवलं.

मग काकासाहेब तुटक तुटक बोलत राहिले. चर्चमध्ये लग्नाआधी तीन रविवार नवरानवरीची नावं पुकारतात. या लग्नाला कुणाची हरकत असेल तर त्यानं आत्ताच सांगावं, असं पाद्री सगळ्यांना विचारतात. हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. हरकत घ्यायची म्हटल्यावर काकासाहेबांना कोण अडवणार? पहिल्या रविवारी ते तयारीनंच आले. आत पाऊल टाकायचं नव्हतं, म्हणून या खिडकीशी उभे राहिले. आत बायकांच्या बाजूला लेक पाठमोरी बसली होती. डोक्यावरचा पदर तेवढा दिसत होता. पाद्रींनी विचारलं.

"तोंडातून शबूद फुटला नाय," ते म्हणाले. "दुसऱ्या रविवारी आलो. तिसऱ्या रविवारीबी आलो. इथं उभा ऱ्हायलो अन् गप बसलो. तिला द्यायला माझ्यापाशी तेवढंच हुतं."

मयताच्या दिवशीही ते घरातून निघाले होते. पण खिडकीशी माणसांची ही गर्दी. कुणाला सरकायला सांगायचं धाडस झालं नाही. त्या तीन रविवारांसारखेच ते न भांडता परत फिरले आणि घरात जाऊन त्यांनी कडी लावून घेतली.

चार वर्षं जपलेला राग ऐन वेळी प्रणयला सापडत नव्हता, आणि त्याचंच त्याला रडू येत होतं.

"तिला दिसलो असंल का रे मी?" काकासाहेबांनी विचारलं. विचारताना त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"हो मामा," प्रणय म्हणाला. "तिन्ही रविवार दिसलात. घरी जाताना मला म्हणायची, आबा आले होते."

काकासाहेबांनी मान हलवली. मग कितीतरी वेळ ती हलतच राहिली. उपरण्यानं त्यांनी तोंड पुसलं आणि सावकाश भिंतीपासून बाजूला झाले.

"मग माझी हरकत नाय," ते म्हणाले. "काढा दगड."

गवंडी परत आला. त्यानं पहार लावली आणि पहिला दगड निघाला. प्रणय उतरत्या भिंतीकडे पाहत उभा राहिला. त्या तिन्ही रविवारी तो पुरुषांच्या बाजूला बसला होता आणि त्याचं लक्ष प्रांजलीवरच होतं. तिनं एकदाही खिडकीकडे पाहिलं नव्हतं, कारण आबा येतील म्हणून ती सगळा वेळ दाराकडेच बघत होती.