चौथं प्रकरण

सायबर सुरक्षेच्या एम.टेक.ची तोंडी परीक्षा चालू असताना शाल्मलीने खोलीचं दार लावून घेतलं आणि बाहेर उभ्या असलेल्या आईला आत बोलावलं. दार उघडेना. आता सगळीकडची कुलपं हृदयाच्या ठोक्यांवरून माणूस ओळखत, आणि झडपेच्या ऑपरेशननंतर आईचे ठोके बदलले होते. तेव्हापासून घर आणि बँक दोन्ही तिला परकी झाली होती.

शाल्मलीने ऑपरेशनपूर्वीच्या तपासणीतले आईचे ठोके मोबाइलवरून कुलपाला ऐकवले. दार लगेच उघडलं. आई संकोचत आत आली.

“खरं माणूस बाहेर आणि नक्कल आत,” शाल्मली म्हणाली. “माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण हेच सांगतं.”

परीक्षा घेणारे विभागप्रमुख डॉ. किणीकर या कुलपांच्या कंपनीचे सल्लागार होते. “तेवढं प्रकरण काढ. आत्ता सही करतो.”

“नाही काढणार, सर.”

“मग पदवी विसर.”

“शालू, ऐक गं त्यांचं,” आई कळवळून म्हणाली. “किती राबलीस यासाठी!”

“म्हणूनच नाही काढणार, आई.”

किणीकरांनी सही न करताच प्रबंध परत सरकवला. शाल्मलीने तो उचलला, आईचा हात धरला आणि ती बाहेर पडली. घरी पोचताच तिने चौथं प्रकरण इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुलं केलं. खाली नुसतं नाव लिहिलं, शाल्मली वाघचौरे.

पहिलं उत्तर साताऱ्याहून आलं. “ताई, बायपासनंतर मीही माझ्याच घराबाहेर आहे. आपण कुठे भेटायचं?”