लॅपटॉपशिवाय ऊब

थर्मोकोलच्या पेटीत बारा अंडी, एक बल्ब, तो चालू-बंद करणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड आणि एक तापमापक होता. ऋजुताच्या लॅपटॉपवर, कोड लिहायच्या एडिटरमध्ये, जादा सोयींसाठी जोडलेली सतरा एक्स्टेन्शन्स होती. खुडूक कोंबडी मुंगसाने नेल्यापासून अंडी उबवायचं काम या सगळ्यांकडे आलं होतं.

अडचण एवढीच, की पेटीतल्या बोर्डाला लॅपटॉपची वायर असली की बल्ब पेटायचा. ती काढून नुसता अ‍ॅडप्टर लावला की नाही.

"लॅपटॉप इथंच ठेवून जा," मावशी म्हणाली. "साडेपाचच्या एसटीत तेवढंच ओझं कमी. नाहीतर मी आपली भुर्जी टाकते."

ऋजुता एकेक एक्स्टेन्शन बंद करून बोर्ड पुन्हा सुरू करत गेली. बोर्डाचे संदेश दाखवणारं बंद केलं, तेव्हा वायर असूनही बल्ब पेटेना. तिने डीबगर लावून पाहिलं. प्रोग्रॅम सुरुवातीच्याच एका ओळीवर अडून बसला होता. एकही संदेश निसटू नये म्हणून तिनेच लिहिलं होतं, की लॅपटॉप ऐकायला लागेपर्यंत थांब.

"म्हणजे ऐकायला कुणी नसेल तर कामाला हातच लावायचा नाही," मावशी म्हणाली. "काकांवर गेलंय तुझ्या."

"ऐकतोय मी," पडवीतून काका म्हणाले.

"मग उठा की."

ऋजुताने ती ओळ खोडली, प्रोग्रॅम बोर्डावर चढवला, वायर काढून अ‍ॅडप्टर लावला आणि लॅपटॉप सॅकमध्ये भरला. मावशी चष्मा लावून पेटीवर वाकली.

सव्वापाचला पेटीत अंड्यांना हवे तेवढे, साडेसदतीस अंश होते.